हे काय खायलंय?

चित्रपुस्तक उघडलं की आमच्या ओसरीवरची लेकरं गोष्ट विचारत नाहीत. पानावर अस्वल असो, पेंग्विन असो, नाही तर कुठल्या परदेशी बागेतलं गुबगुबीत ससुलं, पहिला प्रश्न ठरलेला: "हे काय खायलंय?" दुसरा बहुतेक वेळा, "ह्याची माय कुठंय?" दोन्हींचं उत्तर मिळालं की मांडी ठोकून बसतात. नाही मिळालं तर पान उलटू देत नाहीत.

आम्ही अंबाजोगाईला राहतो, गाव संपून शेतं लागतात त्या अंगाला. नातू आईबापांसोबत पुण्याला गेला आणि त्याची पुस्तकं कपाटात पडून राहिली. ती गल्लीतल्या लेकरांपुढे ठेवली, त्यातून हा संध्याकाळचा पसारा सुरू झाला. येणारी लेकरं तीनपासून आठ वर्षांपर्यंतची. कुणाची आई धुणीभांडी करते, कुणाचा बाप गवंड्याच्या हाताखाली, कुणाचं घर दसरा झाला की कुलूप लावून ऊसतोडीला जातं. शेळी मात्र जवळपास सगळ्यांच्या दारात. त्यामुळे "मुलांना प्राण्यांची ओळख व्हावी म्हणून" असं जे अशा पुस्तकांच्या मागच्या पानावर छापलेलं असतं, ते वाचून मला हसू येतं. ओळख त्यांचीच माझ्यापेक्षा पक्की.

एकदा एका छान गुळगुळीत पुस्तकात शेळी हसत होती. वर-खाली मोत्यासारखे दात. टेलरच्या नातीनं पुस्तक हातात घेऊन डोळ्यांजवळ नेलं आणि जाहीर केलं, "शेळीला वरचे दात नसतेत." तिचं बरोबर होतं. शेळी, गाय, म्हैस या रवंथ करणाऱ्या जनावरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे कडक हिरडी असते. हिनं बाजारात बघितलेलं. व्यापारी शेळीचं तोंड उघडतो, खालचे दात बघतो आणि दोन दाती की चार दाती, त्यावरून वय ठरवून भाव करतो. मग बाकीच्यांनाही चेव चढला. कान असे उभे कसे, आपल्या शेळीचे तर लांब, लोंबते. रंग पांढरा कसा? आमच्याकडची शेळी म्हणजे उस्मानाबादी, बहुतेक काळीकुळकुळीत, आणि पुष्कळदा जुळी देणारी. (जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीचं अजून उस्मानाबादीच आहे.) चित्रकाराची बाजू घेऊन मी म्हटलं, ही गोष्टीतली शेळी आहे. त्यावर त्या पोरीनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच गप्प बसले.

पण खाण्याचा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. दातांची चूक एका चित्रकाराची. खाणं मात्र चित्रपुस्तकांच्या अख्ख्या मोठ्या ढिगाऱ्यातून गायब आहे. लहान मुलांसाठी प्राणी आणि मैत्री यांवर जी पुस्तकं निघतात, त्यातली पुष्कळशी एकाच साच्यातली. जंगलात सगळे प्राणी गुण्यागोविंदानं राहतात, एक नवा येतो, तो वेगळा दिसतो म्हणून त्याला कुणी खेळायला घेत नाही, मग संकट येतं, तोच सगळ्यांना वाचवतो, शेवटच्या पानावर सिंहापासून सशापर्यंत सगळे गोल करून नाचतात. मध्ये कुणी जेवत नाही. जेवलंच तर केक खातात. आमच्या ओसरीवर या शेवटच्या पानावर नेहमी गाडी अडते. "सिंव्ह सशाला खाईना कामून?" "ते दोस्त झाले ना आता." "मग त्यो उपाशी मरंल की." या पोराच्या डोळ्यांपुढे सिंहाचं पोट आहे, आणि पुस्तक काढणाऱ्या शहाण्या माणसांच्या डोळ्यांपुढे नाही.

आपल्या जुन्या गोष्टी याबाबतीत फार रोखठोक होत्या. पंचतंत्रातला मैत्रीचा भाग म्हणजे मित्रसंप्राप्ती. कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांची दोस्ती आपल्याला ठाऊक असते, उंदरानं जाळं कुरतडल्याचंही आठवतं. पण त्या दोस्तीच्या आधी काय झालं ते लहान मुलांच्या आवृत्त्यांतून बहुधा गळतं. कावळा उंदराच्या बिळापाशी येऊन म्हणतो, आपण मित्र होऊ. उंदीर बाहेरच येत नाही. आतूनच सांगतो की मी तुझा घास, तू मला खाणारा, आपली मैत्री कशी व्हायची? मग बराच वेळ बोलणी चालतात, कावळ्याला गयावया करावी लागते, आणि तरी उंदीर बिळाचं तोंड सोडायला वेळ घेतोच. मी ही बोलणी पुस्तकात नसताना तोंडी घालते. लेकरं उंदराच्या बाजूनं असतात. "येऊ नको रे भायेर!" असा ओरडा होतो. आणि तो शेवटी बाहेर येतो तेव्हा त्या येण्याला वजन असतं. ज्याला खाल्लं जाण्याची भीतीच नाही त्यानं मैत्री केली तर त्यात त्याचं काय गेलं?

आता थोडं विषयांतर, पण मराठवाड्याच्या माणसाला ते केल्याशिवाय राहवत नाही. चित्रपुस्तक ही बाहेरून आलेली वस्तू आहे असं आपण धरून चालतो, आणि छापील पुस्तकापुरतं ते खरंही आहे. कोमेनियस नावाच्या चेक शिक्षकानं १६५८ साली मुलांसाठी चित्रांचं पाठ्यपुस्तक काढलं, ते सगळ्यात जुन्यांतलं मानतात. त्याच्या सुरुवातीला अक्षरं आहेत आणि प्रत्येक अक्षरापुढे कुणाचा तरी आवाज. 'अ'च्या जागी कावळा 'आ आ' करतो, कोकरू 'बे' करतं, आणि त्याच रांगेत माणसाचं रडणारं तान्हं पोरही बसवलेलं आहे. हे मला फार आवडलं. पण चित्र दाखवून गोष्ट सांगायची रीत आमच्या पैठणला छापखान्याच्या कितीतरी आधीपासून होतीच. चित्रकथी मंडळी कागदावर काढलेली चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवत, त्या गठ्ठ्याला पोथी म्हणत, आणि एकेक चित्र लोकांपुढे धरून गाऊन गोष्ट सांगत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पैठणची ही चित्रं बघायला मिळतात. आणि आमच्या अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी तर पंचीकरण लांबच लांब कापडावर आकृत्या काढून लिहिलं, ती पासोडी प्रसिद्धच आहे. विषय वेदान्ताचा, लेकरांच्या कामाचा नाही, पण जड गोष्ट समजवायला शब्दांशेजारी आकृती लागते हे त्यांनी ओळखलं होतं.

अजिंठ्याचं मात्र लांबण लावल्याशिवाय सांगता येणार नाही. शाळेच्या सहली तिथे जातात, मुलं रांगेत आत शिरतात, गाइड पद्मपाणी दाखवतो, रांग बाहेर पडते. सतरा क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकातल्या त्या भिंतींवर, प्राण्यांच्या जातककथा, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी, किती आहेत हे कुणी सांगत नाही. हत्ती, हरणं, वानरं, हंस, म्हैस. एका भिंतीवर एकच हत्ती दोन-तीनदा दिसतो, कारण एकाच चौकटीत गोष्टीचे वेगवेगळे प्रसंग आहेत. ओळीत लावलेले नाहीत, डोळ्यांनी शोधत जायचं. आजची चांगली चित्रपुस्तकं हेच करतात. एकाच मोठ्या चित्रात खारूताई झाडाच्या बुंध्याशी, मग फांदीवर, मग ढोलीत. मोठ्यांना तीन खारी दिसतात, लेकरांना एकच पळताना दिसते.

त्यातली मातृपोषक जातकाची गोष्ट मी ओसरीवर सांगते. एक हत्ती रानात आपल्या आंधळ्या आईला सांभाळत असतो. राजाची माणसं त्याला पकडून आणतात, सजवतात, पुढे उत्तम चारा टाकतात. तो तोंड लावत नाही. राजा विचारतो, का रे? तर म्हणतो, तिकडे माय उपाशी आहे. राजा त्याला सोडून देतो. बस, एवढीच. दृष्टान्त नाही, तात्पर्य नाही. ही गोष्ट सांगितली तेव्हा कुणी चुळबुळ केली नाही, कारण त्यांचे दोन्ही प्रश्न, खाणं आणि माय, तिच्या पोटातच होते. ऊसतोडीच्या हंगामात आजीजवळ राहणाऱ्या एका पोरानं ती पुन्हा सांगायला लावली आणि मग विचारलं, "त्यो परत यिस्तवर तिला कोण चारत होतं?" जातकाच्या कर्त्यालाही हे विचारावंसं वाटलं असेल. मी म्हटलं, शेजारचे हत्ती. पोरानं मान्य केलं.

दुसरी वानराची, महाकपीची. ती सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला. दरीत पडलेल्या माणसाला वानर जिवाचा आटापिटा करून वर काढतं, दमून झोपतं, आणि भुकेला माणूस त्याला खाण्यासाठी डोक्यात दगड घालतो. वानर जखमी होतं, तरी त्या माणसाला रानाबाहेरची वाट दाखवतं. आजच्या कुठल्याही प्रकाशकाकडे ही घेऊन जा, "चार ते सहा वयोगट" म्हटलं तर दारातूनच परत पाठवतील. पण दीड हजार वर्षांपूर्वी ती रंगवून भिंतीवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली होती. मी सांगितली. लेकरं घाबरली नाहीत. चिडली, आणि चिडून बराच वेळ बोलत बसली.

असो. खाण्याच्या प्रश्नाचा एक फायदा असाही की त्याचं उत्तर कधी कधी पुस्तकापेक्षा भारी निघतं. एका पुस्तकात रोहित पक्षी होता, म्हणजे फ्लेमिंगो. एका पायावर उभा, गुलाबी, बाकी काही काम नाही. प्रश्न आलाच. तर तो डोकं उलटं करून चोच पाण्यात फिरवतो, बारीक शेवाळ आणि इवले इवले जलजीव गाळून खातो, आणि त्या खाण्यातूनच त्याला गुलाबी रंग चढतो. पिल्लं करडी असतात. हे ऐकून ओसरीवर शांतता पसरली. मग एकीनं आपल्या हाताकडे बघून विचारलं, "मी रोज गाजर खाल्लं तर?" हे पक्षी थंडीत पैठणच्या नाथसागरावर उतरतात, जायकवाडीला १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे. म्हणजे त्या पुस्तकातलं पाखरू आमच्या शेजारच्या जिल्ह्यातलंच, पण पुस्तकात त्याच्यामागे ताडाची झाडं आणि निळाशार समुद्र.

अळीनं मात्र वेगळीच पंचाईत केली. अळीचं फुलपाखरू होण्याची गोष्ट बालवाङ्मयात जगभर लाडकी. आमच्याकडे सोयाबीन आणि कापूस. इथे अळी म्हणजे शत्रू. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हाची हाय अजून घराघरात निघते, आणि सोयाबीनवरच्या उंटअळीचं नाव पाच वर्षांच्या पोराला पाठ. पुस्तकात अळी पानाला भोकं पाडत मजेत चालली होती. एकानं विचारलं, "फवारलं नाही का ह्यांनी?" पुस्तक तसंच उघडं ठेवून आम्ही परसातल्या कढीपत्त्याकडे गेलो. तिथे लिंबाच्या फुलपाखराची अळी असतेच. लहान असते तेव्हा पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून कुणी तिच्या वाटेला जात नाही. मोठी झाली की हिरवीगार. काडीनं जरा डिवचली की डोक्यामागून नारिंगी दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. त्या वासानं पोरं खुश. तरीही ज्याच्या बापाचं सोयाबीन गेलं होतं तो म्हणाला, "कढीपत्त्यावर ऱ्हाऊ द्या. शेतात नको." याला मी काय सांगणार होते? त्यानं आपली सीमा आखली होती आणि ती रास्त होती. निसर्गावर प्रेम करा असं सांगणाऱ्या पुस्तकांत शेतकऱ्याच्या घरातली ही ओढाताण कधी दिसत नाही.

जनावराशी दोस्ती म्हणजे काय, हे आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी कळतं. खांदमळणी होते, बैलाच्या मानेला तूप-हळद चोळतात आणि त्याला म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." अहो-जाहो करून. गावोगाव ट्रॅक्टर आले, देवणी बैलांची जोडी दारात असणं आता ऐपतीचं काम झालं, पण आवतण अजून देतात. वर्षभर ज्यानं आपल्यासाठी मान मोडली त्याला एक दिवस पाहुणा करायचं. आणि दुसऱ्याच आठवड्यात अडचण पडली तर तोच बैल बाजारात उभा करायचा. दोन्ही एकाच माणसाच्या हातून होतं, आणि दोन्ही वेळेला तो खराच असतो.

मला हवं असलेलं चित्रपुस्तक इथेच कुठेतरी आहे. एका पुस्तकात मुलगी आणि शेळी यांची मैत्री छान रंगवलेली होती. पळणं, लपणं, एकाच ताटलीतून भाकरी खाणं. पुस्तक मिटल्यावर एकीनं विचारलं, "हिला इकत नाहीत का?" तिच्या घरची राणी नावाची पाट, म्हणजे तरणी शेळी, गेल्याच महिन्यात दवाखान्याच्या बिलात गेली होती. पुस्तकातली शेळी मात्र अमर. मुलांच्या गोष्टीत बाजाराचा दिवस आणू नये असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. एवढंच की हा दिवस या लेकरांनी आधीच बघितलेला आहे, आणि त्याबद्दल बोलायला त्यांच्याकडे एकही पान नाही. शब्द फार लागणारही नाहीत. एका पानावर शेळी दाव्याला बांधलेली. पान उलटलं की दावं तेच, खुंटा तोच. शेळी नाही. कुणी वाईट नाही, बाप दुष्ट नाही. चित्रपुस्तकाची खरी ताकद या पान उलटण्यात असते. आधीच्या पानावर थांबायचं, लेकराचं बोट कोपऱ्याखाली गेलेलं असतं, पुढं काय आहे ते त्याला कळलेलंही असतं आणि बघायचंही असतं.

अशी पुस्तकं मराठीत अजिबात नाहीत असंही नाही, आणि आहेत त्यांच्याकडे दुर्लक्ष करून रडत बसणं मला पसंत नाही. नॅशनल बुक ट्रस्ट १९५७पासून आहे, त्यांची नेहरू बाल पुस्तकालयाची पातळ, पिना मारलेली पुस्तकं स्वस्तात मिळत आली. ज्योत्स्ना प्रकाशननं मराठी मुलं मराठी घरात दाखवली. प्रथम बुक्स २००४ साली सुरू झालं आणि २०१५मध्ये त्यांनी स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ काढलं, तिथली पुस्तकं कुणीही उतरवून घ्यावीत, छापावीत, हवं तर आपल्या बोलीत फिरवावीत, परवानगी आधीच दिलेली. मी तिथून काढून झेरॉक्सच्या दुकानात काळी-पांढरी छापते, रंगीत परवडत नाही. वाघाची दशा होते, मोराची फारच. काळी शेळी तेवढी फक्कड उमटते.

दिवाळीनंतर ओसरी अर्धी रिकामी होते. काही लेकरं हंगामी वसतिगृहात, काही आज्ज्यांजवळ, पण अगदी लहान ती आईबापांच्या टोळीबरोबर पश्चिमेला, उसाच्या फडावर. त्यांच्या पिशवीत एखादं पुस्तक टाकते. परत येतं ते पाचटाच्या वासाचं, चहाचे डाग पडलेलं, किंवा येतच नाही. चूल पेटवायला गेलं असेल तर तेही एक काम झालं.

यंदा चैत्रात एक टोळी परतली ती बिबट्याची गोष्ट घेऊन. उसाच्या फडात बिबट्याची मादी विते, तोड तिथवर आली की पिल्लं सापडतात, हे पुणे-नगरकडे नेहमीचं. यांच्या फडात दोन सापडली. डोळे नुकते उघडलेली. तोड थांबली. वनखात्याची माणसं आली, पिल्लं तपासली, क्रेटमध्ये घालून सापडली त्याच जागी ठेवली, सगळ्यांना लांब कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, पाठवलं. सकाळी क्रेट रिकामा होता. मादीनं रात्री नेली.

दोघं भावंडं हे सांगत होती, एकमेकांची वाक्यं तोडत, आणि बाकीच्यांनी ठरवलं की याचं पुस्तक करायचं. सोळा पानी. एक मोठा कागद घडी घालून कापला की सोळा पानं होतात हे त्यांना झेरॉक्सवाल्यानं शिकवलं. पहिली पानं झरझर झाली. ऊस, कोयता, क्रेट, वनरक्षकाची टोपी. भांडण लागलं ते रात्रीच्या पानावर. थोरली बहीण म्हणते, मादी काढायची नाही, तिला कुणी बघितलेलंच नाही, नुसता अंधार काढायचा. धाकट्याचं म्हणणं, मग पिल्लं गेली कुठं ते कळायचं कसं, लोकांना वाटेल कुत्र्यांनी नेली. तिसऱ्यानं तोडगा काढला की फक्त शेपूट काढू. ते दोघांनाही पटलं नाही. शेवटी ती दोन पानं कोरी ठेवून पुढची रंगवायला घेतली आहेत, आणि आता तिथे ऊस हिरवा करायचा की तोडून झालेला, पिवळ्या पाचटाचा, यावरून नवं सुरू आहे. हिरवा खडू ज्याच्याकडे आहे तो काही ऐकायला तयार नाही.